लॅक्टोजच्या गोळीला सिंक्रोट्रॉन कशाला?

"मॅडम, टेराहर्ट्झमध्ये पीएचडी करायची तर सिंक्रोट्रॉनच लागणार ना?" एम.एस्सी.चे निकाल लागले की हा प्रश्न येतोच. टेराहर्ट्झ म्हणजे सूक्ष्मलहरी आणि इन्फ्रारेड यांच्या मधला प्रकाश, आणि सिंक्रोट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनांना रिंगमध्ये फिरवून त्यांच्यापासून प्रकाश मिळवणारं यंत्र. इंदूरच्या मुलांना असं वाटणं साहजिक आहे. स्कूटरवरून जाता येईल इतक्या अंतरावर आरआरकॅट ही प्रवेगक आणि लेसरची संशोधन संस्था (जुन्या लोकांचं अजूनही नुसतं 'कॅट'), तिथे 172 मीटर परिघाची इंडस-2 रिंग. तिथं सगळ्याच जातीचा प्रकाश मिळत असणार, असा समज.

मी उलट विचारते, मोजायचंय काय? लॅक्टोज? मग नकोच. पॉलिइथिलीनच्या भुकटीत लॅक्टोज मिसळायचं, खलात घोटायचं, प्रेसमध्ये दाबून गोळी पाडायची. 0.53 टेराहर्ट्झला लॅक्टोज प्रकाश शोषतं, तो खड्डा टेबलावरच्या फेम्टोसेकंद लेसरच्या (अतिशय छोटे झटके देणाऱ्या लेसरच्या) मांडणीतही स्वच्छ दिसतो. फक्त जुलैत मांडणीवरच्या डब्यात कोरडा नायट्रोजन सोडायला विसरू नका. हवेतल्या वाफेचा खड्डा 0.557 ला, अगदी शेजारी! नवखी मुलं त्यालाच लॅक्टोज म्हणून मोकळी होतात.

रिंगची गंमत वेगळीच आहे. 1 टेराहर्ट्झ म्हणजे 300 मायक्रॉन तरंगलांबी. रिंगमधला इलेक्ट्रॉनांचा पुंजका एरवी मिलिमीटरांत असतो, त्यामुळे जो तो इलेक्ट्रॉन आपल्याच तालात प्रकाश टाकतो आणि शक्ती इलेक्ट्रॉनांच्या संख्येच्या पटीत मिळते. पुंजका तरंगलांबीपेक्षा आखूड केला की सगळे एका तालात येतात, आणि शक्ती संख्येच्या वर्गाच्या पटीत जाते. पुंजक्यात शंभर कोटी इलेक्ट्रॉन धरा आणि हिशोब स्वतःच करून बघा. बर्लिनच्या बेसी-2 या रिंगवर चुंबकांची मांडणी बदलून पुंजके पिकोसेकंदांपर्यंत आखडले. याला लो-अल्फा म्हणतात. पण तेव्हा रिंगमधला इलेक्ट्रॉनांचा प्रवाह कमी ठेवावा लागतो, एक्स-रेवाल्यांचा प्रकाश घटतो. त्यांची कुरकुर रास्तच आहे. म्हणून अशा पाळ्या वर्षातून मोजक्याच.

आता प्रवाह वाढवला तर काय होतं? पुंजका स्वतःच्याच प्रकाशाने अस्थिर होतो, त्यावर लाटा उठतात आणि टेराहर्ट्झ झटक्याझटक्याने बाहेर पडतो. कार्ल्सरुहच्या 'कारा' रिंगवर हे झटके फेरीगणिक टिपतात. इथे नमुना नाहीच, रिंग हाच नमुना! ज्याला इलेक्ट्रॉनिक्सची आवड आहे, जलद डिटेक्टर बनवायचेत, त्याने इकडे बघावं. मला विचाराल तर सगळ्यात मोकळं रान इथेच आहे.

वायूंच्या रेणूंच्या रेषा अतिशय बारकाईने वेगळ्या करायच्या असतील तर पॅरिसजवळच्या सोलेइल सिंक्रोट्रॉनची एल्स बीमलाइन (रिंगमधला प्रकाश प्रयोगापर्यंत आणणारी वाट). तिथे साधा, ताल नसलेला प्रकाशही चालतो.

आणि आपल्या इंदुरातच आरआरकॅटमध्ये इन्फ्रारेड फ्री इलेक्ट्रॉन लेसर (धावत्या इलेक्ट्रॉनांपासून लेसर प्रकाश काढणारं यंत्र) आहे, 12.5 ते 50 मायक्रॉनसाठी आखलेला. 50 मायक्रॉन म्हणजे 6 टेराहर्ट्झ. तो रिंगवर नाही, सरळ रेषेतल्या प्रवेगकावर चालतो, म्हणून मुलांच्या यादीतून सुटतो.

बीमटाइमच्या (यंत्रावर प्रयोगासाठी मिळणाऱ्या वेळेच्या) अर्जात 'टेबलावर का होत नाही' याचं उत्तर पहिल्याच परिच्छेदात द्या. आणि एका तालातलाच प्रकाश हवा असेल, तर आधी लो-अल्फा पाळीचं वेळापत्रक बघा, मग अर्ज लिहायला बसा.