दुसरी चावी

“गावातल्या सगळ्या संस्थांना तुम्ही एका कामाला कसं लावलं?” हे मला बऱ्याचदा विचारलं जातं. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. काम होतं गावातल्या बायांना लिहायला-वाचायला शिकवण्याचं.

आमच्या यवतमाळकडच्या गावांत संस्थांना तोटा नाही. तुकडोजी महाराजांच्या विचारांचं गुरुदेव सेवा मंडळ आहे, अनुदानावर चालणारं वाचनालय आहे, सरकारच्या ‘उमेद’ अभियानातले बायांचे बचत गट आहेत, शाळा आहे. फक्त कोणी कोणाच्या दारात जात नव्हतं.

पहिली बैठक फसली. फलकावर कोणाचं नाव वर, यातच दिवेलागण झाली. मग मी बैठक घेणंच सोडलं. एकेकाच्या घरी गेले आणि ज्याच्याकडे जे आहे तेवढंच मागितलं. वाचनालयाची खोली, गुरुजींचे आठवड्यातले दोन दिवस, मंडळाकडून सायंप्रार्थनेनंतरचा तास, कारण तेव्हा माणसं जमलेलीच असतात. पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठीचा ‘उल्लास’ कार्यक्रम २०२२ पासून आहेच, तोही स्वयंसेवकांच्या भरवशावर. गुरुजींनी त्यात नावं नोंदवली.

काय शिकायचं, ते गटातल्या एका काकूंनी ठरवलं. “सही येते मले. पण व्याज किती कापलं, थे वाचता आलं पाह्यजे.” म्हणून पहिला धडा पासबुकाचा झाला. दुसरा कीटकनाशकाच्या डब्याचा. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं आमच्या जिल्ह्यात माणसं गेली, ते इथं कोणी विसरलेलं नाही. कृषी विज्ञान केंद्राचे एक साहेब रिकामे डबे घेऊन आले. डब्यावरच्या चौकटीत रंगीत त्रिकोण असतो : लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. फवारणीसाठी जन्मभर पाणी वाहिलेल्या बायांनी तो त्रिकोण त्या दिवशी पहिल्यांदा बोट ठेवून पाहिला. माझ्या मते त्या एका संध्याकाळमुळे सगळी धडपड सार्थकी लागली.

सगळ्यात जास्त वेळ मात्र चावीनं घेतला. बायांना सवड रात्री आठनंतर, आणि वाचनालय त्याआधीच बंद. ग्रंथपालांची काळजी खरी होती, पुस्तकं हरवली तर तपासणीत जाब त्यांनाच. दोन महिने मी त्यांच्याकडे जात राहिले. शेवटी ठरलं, दुसरी चावी गटाच्या सचिवाकडे आणि देवघेवीची वहीही तिनंच लिहायची. वर्षाअखेरीला ग्रंथपालांनी कपाट मोजलं. सगळी पुस्तकं जागेवर होती.

तुमच्या गावात करायचं असेल तर आधी वाचनालयाची चावी कोणाकडे असते ते विचारा. आणि कापसाची वेचणी आटोपल्यावरच सुरू करा, त्याआधी बाया येणार नाहीत.