गावी पाठवायचे कार्ड: स्क्रीनविना चालणाऱ्या रास्पबेरी पायची तयारी

दापोलीजवळच्या आमच्या घरातील पाण्याच्या टाकीची पातळी पुण्यात बसून पाहता यावी, म्हणून मी तेथे रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा छोटा संगणक बसवला आहे. त्याला स्क्रीन नाही की कीबोर्ड नाही. तो ज्यांच्या हाती आहे त्या माझ्या वडिलांनी मेमरी कार्ड खाचेत सरकवावे आणि चार्जरचे बटण दाबावे, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा आहे. त्यामुळे माझ्या टेबलावरून निघताना कार्ड संपूर्ण तयार असावे लागते; जे राहिले ते फोनवरून सांगून दुरुस्त होत नाही.

हे मी एक फेरी फुकट घालवून शिकलो. ऑक्टोबर २०२३ मध्ये रास्पबेरी पाय ओएस या त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमची बुकवर्म आवृत्ती आली आणि मी जुन्या सवयीने वाय-फायचे नाव व पासवर्ड लिहिलेली डब्ल्यूपीए-सप्लिकंटची फाइल बूट विभागात (यंत्र सुरू होताना प्रथम वाचला जाणारा कार्डाचा भाग) टाकून कार्ड गावी पाठवले. बुकवर्ममध्ये नेटवर्कचा कारभार नेटवर्कमॅनेजर या प्रोग्रामकडे गेला असल्यामुळे बूट विभागातील ती फाइल आता वाचलीच जात नाही, आणि वाचली नाही असे कोणी सांगतही नाही. "हिरवा दिवा तर लुकलुकतोय रे," बाबा फोनवर सांगत होते. दिवा खरेच लुकलुकत होता, कारण यंत्र व्यवस्थित सुरू झाले होते. फक्त राउटरच्या यादीत त्याचे नाव नव्हते. शेवटी शनिवारी घाट उतरून जावे लागले.

जुने लेख वाचून कार्ड बनवणाऱ्याची फसगत आणखी दोन ठिकाणी होते. नोव्हेंबर २०१६ पासून एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून आत शिरण्याची सोय) मुळात बंद असते आणि ते सुरू करण्यासाठी बूट विभागात 'एसएसएच' याच नावाची, इंग्रजी लहान अक्षरांतली, रिकामी फाइल ठेवावी लागते. एप्रिल २०२२ पासून तर 'पाय' हा तयार वापरकर्ताही काढून टाकला आहे. साऱ्या जगाला ठाऊक असलेला पासवर्ड घेऊन लाखो यंत्रे इंटरनेटवर बसू नयेत यासाठी हे केले गेले, आणि ते योग्यच झाले. आता बूट विभागातील यूजरकॉन्फ फाइलमध्ये वापरकर्त्याचे नाव, कोलन (:) आणि ओपनएसएसएल या प्रोग्रामने काढलेला पासवर्डचा हॅश (सांकेतिक रूप) एका ओळीत द्यावा लागतो. त्या हॅशमध्ये डॉलरची चिन्हे असतात, त्यामुळे टर्मिनलमधून तो दुहेरी अवतरणात लिहिला तर शेल (टर्मिनलमधील आज्ञा वाचणारा प्रोग्राम) त्या चिन्हांना व्हेरिएबल समजून मधला मजकूर गिळून टाकते. फाइल दिसायला ठीक असते आणि पासवर्ड मात्र कधीच जुळत नाही. एकेरी अवतरण वापरावे.

एकच कार्ड करायचे असेल तर अधिकृत इमेजर (कार्डावर ओएस लिहिणारा प्रोग्राम) पुरेसा आहे. बुकवर्मसाठी तो बूट विभागात पहिल्या सुरुवातीला एकदाच चालणारी एक स्क्रिप्ट ठेवतो आणि तिचा उल्लेख सुरुवातीच्या सूचनांच्या सीएमडीलाइन फाइलमध्ये जोडतो. ही फाइल हाताने बदलणाऱ्याने एक पथ्य पाळावे: तिच्यातील सर्व मजकूर एकाच ओळीत असला पाहिजे. नवी सूचना खालच्या ओळीवर लिहिली तर कर्नल (ओएसचा गाभा) ती पाहतच नाही.

मला मात्र वायरगार्ड (गाव आणि माझा सर्व्हर यांच्यातला इंटरनेटवरचा खासगी बोगदा, म्हणजे व्हीपीएन) आणि सेन्सरची स्क्रिप्टही आधीच बसवायची होती, म्हणून मी इमेजच (कार्डावर लिहायची संपूर्ण ओएसची फाइल) उघडली. लिनक्सवर इमेजची फाइल एक जीबीने वाढवून, दुसरा विभाग तेवढा ताणून, लूप डिव्हाइसवर (फाइलला डिस्कसारखी वापरू देणारी सोय) जोडली की आतला बूट विभाग आणि ईएक्सटी४ स्वरूपाचा मुख्य विभाग दोन्ही हाताशी येतात. क्यूईएमयू या दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या मदतीने सीएच-रूट केले (इमेजच्या आत शिरून आज्ञा चालवल्या) की पायच्या एआरएम प्रोसेसरवरचे पॅकेज साध्या लॅपटॉपवर बसवता येते. वाय-फायची जोडणी नेटवर्कमॅनेजरच्या फोल्डरमध्ये स्वतंत्र फाइल म्हणून ठेवली. तिची मालकी रूटकडे आणि परवानगी ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) नसेल तर नेटवर्कमॅनेजर ती नाकारतो. देशाचा कोड 'आयएन' देणेही आवश्यक आहे, कारण तो मिळेपर्यंत वाय-फायचा रेडिओ आरएफकिल या कुलपाने अडवलेला असतो. शिवाय हे बोर्ड केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालते. राउटरचा पाच गिगाहर्ट्झचा पट्टा त्याला दिसतही नाही.

चालू केलेल्या कार्डाची नक्कल काढण्याचा सोपा मार्ग मी मुद्दाम टाळतो. एकदा सुरू झालेल्या कार्डावर एसएसएचच्या होस्ट-की आणि मशीन-आयडी, म्हणजे त्या यंत्राची स्वतःची ओळख, तयार झालेले असतात, आणि नकलेबरोबर प्रत्येक कार्डाला तीच ओळख चिकटते. कधीच न सुरू केलेल्या इमेजमध्ये ही अडचण येत नाही.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो घड्याळाने. झीरो २ डब्ल्यूवर बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. वीज जाऊन आली की यंत्र जुन्या वेळेवरून सुरू होते. (आणि पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाणे ही बातमी नसते.) वायरगार्डचा सर्व्हर तर पूर्वी पाहिलेल्या वेळेपेक्षा मागची वेळ असलेली हाक पुनरावृत्ती समजून फेटाळतो, त्यामुळे वेळ जुळेपर्यंत बोगदा उभाच राहत नाही. मी सुरुवातीला सगळी रहदारी बोगद्यातूनच वळवली होती, म्हणजे वेळ विचारण्याची वाटही बंद. आता फक्त माझ्या सर्व्हरकडे जाणारी रहदारी बोगद्यातून जाते, आणि वेळ घरच्या इंटरनेटवरून थेट येते. घरच्या जोडणीला सार्वजनिक पत्ता नसल्यामुळे वाट उघडी राहावी म्हणून दर २५ सेकंदांनी एक पॅकेट सोडले जाते.

तयार इमेज आधी एका दुसऱ्या कार्डावर लिहून, माझ्याकडच्या तशाच बोर्डात घालून, फोनच्या हॉटस्पॉटला गावच्या वाय-फायचेच नाव व पासवर्ड देऊन तपासली. मग बाबांच्या कार्डाच्या डबीवर चिठ्ठी चिकटवली: "पहिल्यांदा लावल्यावर दहा मिनिटे बटण बंद करू नये." पहिल्या सुरुवातीला मुख्य विभाग पूर्ण ३२ जीबीपर्यंत पसरतो आणि यंत्र मध्येच एकदा आपणहून बंद होऊन चालू होते, तेवढ्यात कोणी घाबरून वीज काढली तर सारे मुसळ केरात. बाबांनी पंधरा मिनिटे थांबून मला फोन केला, तेव्हा टाकी अर्धी रिकामी असल्याचे मला आधीच दिसले होते.