नादियाचं काय झालं?

शनिवार, रात्री साडेबारा

चिरंजीव सहलीला गेलेत. जेवणं उरकल्यावर हिच्यासोबत ‘अमेरिकन पाय’ पाहिला. सिनेमा १९९९चा. हॉस्टेलवर पाहिला तेव्हा एका खोलीत आम्ही पंधरा जण, भाड्याच्या दोन सीडी आणि रेक्टर येतोय का बघायला दाराशी एक बिचारा ज्युनियर. जिम आणि त्याचे तीन मित्र प्रॉमच्या, म्हणजे शाळा संपतानाच्या नाचाच्या पार्टीच्या, रात्रीपर्यंत ‘एकदाचं ते’ उरकायची शपथ घेतात, बास, एवढीच गोष्ट.

हिनं तो पाहिलेला नव्हता. जिम ॲपल पायशी (सफरचंदाचं सारण भरलेल्या गोड पदार्थाशी) नको ते करतो, तो प्रसंग आला तसा मी पडदा सोडून हिच्याच तोंडाकडे बघत होतो. फस्सकन हसली. हुश्श झालं.

मग नादिया. शिकायला परदेशातून आलेली मुलगी. ती जिमच्या खोलीत कपडे बदलणार, म्हणून हा वेबकॅम चालू ठेवून मित्राच्या घरी पळतो, आणि लिंक चुकून अख्ख्या शाळेला जाते. आम्ही हा भाग मागे नेऊन नेऊन पाहिला होता. ही म्हणाली, “मग त्या मुलीचं काय झालं?”

“काही नाही गं.”

मला खरंच तसं वाटत होतं. पण उत्तर होतं सिनेमातच, जेमतेम एका वाक्यात: तिला ठेवून घेणाऱ्यांच्या कानावर ते गेलं आणि तिची रवानगी मायदेशी. एवढ्या वेळा पाहून ते वाक्य माझ्या कानावरून गेलं कसं? सिनेमाच्या लेखी फजिती झाली जिमची. आज आपल्याकडे असं केलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई कलम लागेल, तीन वर्षांपर्यंत कैद. आणि दुसऱ्या भागात (२००१) नादिया हसतमुखानं परत येते, तीही जिमसाठीच!

असल्या सगळ्या चावट सिनेमांचा आजोबा म्हणजे १९७८चा ‘अ‍ॅनिमल हाउस’. त्यात जॉन बेलुशी शिडीवरून मुलींच्या खिडकीत डोकावतो आणि मध्येच वळून आपल्याकडे बघत भुवई उडवतो. चावटपणा तोच, पण निदान ‘तूही बघतोयस’ हे तोंडावर सांगतो. तरी तो परत लावायचा धीर आता होत नाही.

सगळंच नासलंय असंही नाही. प्रॉमला जिमसोबत गेलेली मिशेल त्याला सरळ वापरून सकाळी निघून जाते, ते अजून मस्त आहे. पण सगळ्यात जास्त हसलो ते जिमच्या बापाला, युजीन लेव्हीला. पोराच्या खोलीत नको ती मासिकं घेऊन येतो आणि घाम पुसत समजावतो. पायचा चेंदामेंदा पाहून म्हणतो, आईला सांगू, आपणच संपवला. हॉस्टेलवर हा बाप आला की आम्ही सीडी पुढे ढकलायचो.

“तू बोलणार का पोराशी असं?” हिनं विचारलं.

मी गॅस बंद आहे का बघायला उठलो.