जोडाक्षराविना

पोळ्याच्या आदल्या दिवशी, पहाटे

पाच वाजून दहा मिनिटं. तीन दिवसांपासून झड लागली आहे. खिडकीतला कूलर अजून काढायचाच आहे, त्याच्या पत्र्यावर पाऊस वाजतोय. साडेसहाला लेकीचा डबा, सव्वासातला तिचा ऑटो. त्याआधीचा हा तास-सव्वा तास माझा. सात वर्षांत मी जे काही लिहिलं ते याच वेळात, स्वयंपाकघरातल्या ओट्याशेजारच्या या टेबलावर.

तान्ह्या पोळ्याचं, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल घेऊन करतात त्या पोळ्याचं पुस्तक सोमवारी द्यायचं आहे. चोवीस पानं, म्हणजे दीड फर्मा. नाव, श्रेय वगैरेंची पानं गेली की हाती राहतात दहा जोडपानं. प्रत्येकावर दोन-तीन ओळी. ऐकणाऱ्याला वाटेल, एका बैठकीत होईल. पण हे पुस्तक पहिलीतल्या मुलांसाठी आहे, ज्यांची जोडाक्षरं अजून व्हायची आहेत. म्हणून पुस्तकात एकही जोडाक्षर नको.

'तान्हा' शब्दातच जोडाक्षर आहे. 'गोष्ट' चालत नाही, 'पुस्तक' नाही, 'रस्ता' नाही, 'मित्र' नाही. रस्त्याऐवजी वाट घेता येते. खरी अडचण अगदी साध्या शब्दांची होते. 'त्याला' लिहिता येत नाही, 'माझ्या' लिहिता येत नाही. 'बैलाच्या पाठीवर' म्हणायचं तर 'च्या' आडवा येतो. मग 'बैलाची पाठ' म्हणून वाक्य दुसऱ्या बाजूने सुरू करायचं. एका 'च्या'पायी परवाची आख्खी पहाट गेली.

पण आमच्या नागपूरकडचे शब्द मदतीला येतात. बैल, झूल, बेगड, तोरण, मारबत, आणि सगळ्यांत गोड, बोजारा. लाकडी बैल घेऊन पोरं घरोघरी जातात तेव्हा हातावर जे पैसे, जो खाऊ पडतो तो बोजारा. पुण्याच्या संपादकांनी समासात विचारलं होतं, हा शब्द मुलांना कळेल का? मी कळवलं, चित्रात मुठीतलं नाणं दाखवू, कळेल. या एका शब्दासाठी मी भांडायला तयार होते. माझ्या लहानपणी घरी 'किशोर' यायचा. 1971 पासून निघणारं ते मासिक मी मांडीवर पसरून वाचायची, पण आपल्या गल्लीतला शब्द छापलेला दिसला की काय वाटतं ते मला फार उशिरा कळलं. माझ्या लेकीला ते सातव्या वर्षी कळावं.

अजून एक गोष्ट तेव्हा मनात कधी आली नाही. त्या गोष्टींतली मुलं कुणाची तरी असतील, त्यांच्या घरी कुणीतरी त्यांचं बोलणं ऐकून टिपून ठेवत असेल, हे.

शाळांमधल्या कार्यक्रमांत मला हमखास विचारतात, घर-मूल सांभाळून लिहायला वेळ कसा काढता? पुरुष लेखकांना हा प्रश्न विचारलेला मी अजून ऐकला नाही. पहाटे उठते, असं मी सांगते आणि ते खरंच आहे. वेळेचा हिशोब जमतो. कधी भाजी लागते, कधी वाक्य राहून जातं, पण जमतो. मला भीती वाटते ती वेगळ्या प्रश्नाची. तो गेल्या वर्षी माझ्या लेकीने विचारला.

ती पहिलीत होती. रात्री दिवा मालवल्यावर, माझ्या कुशीत शिरून, अंधाराबद्दल तिने एक वाक्य सांगितलं. इतकं तिचं आणि इतकं नेमकं, की ती झोपल्यावर मी उठून दुधाच्या हिशोबाच्या वहीत ते लिहून ठेवलं. पुढे ते एका दिवाळी अंकातल्या माझ्या कथेत गेलं. कथा लोकांना आवडली, त्या वाक्यासाठीच आवडली. सुट्ट्या संपल्यावर तिच्या बाईंनी कौतुकाने ती वर्गात वाचून दाखवली. ही हिच्या आईची गोष्ट, असंही सांगितलं. गोष्टीतली अंधाराला भिणारी मुलगी म्हणजे हीच, हे पोरांनी लगेच ओळखलं. मधल्या सुट्टीत तिला 'अंधार, अंधार' म्हणून चिडवलं.

ती दोन दिवस काही बोलली नाही. डबा अर्धा परत आणायची. तिसऱ्या दिवशी मी केस विंचरत होते, तेव्हा आरशात बघत म्हणाली, "ते मी तुला सांगितलं होतं. सगळ्यांना नव्हतं सांगितलं."

हातातली फणी तशीच राहिली. मी माफी मागितली, तिने मान हलवली, ऑटोचा हॉर्न वाजला, ती गेली. त्यानंतर रात्री दिवा मालवला की ती बोलायची नाही. चार महिने. मी मोजले आहेत. त्या चार महिन्यांत माझ्या हातून एकही गोष्ट लिहून झाली नाही, आणि ती तिची शिक्षा नव्हती, तिला तर ते ठाऊकही नव्हतं. तिच्या बोलण्यावर माझं लिहिणं किती चालतं ते मला तेव्हा दिसलं.

सव्वासहा झाले. कणीक मळायची आहे.

पोळा, रात्री

आज पिठोरी अमावास्या. दारात पळसाचे मेढे, म्हणजे फांद्या, लावले. पुरण सासूबाईंनी वाटलं, पोळ्या मी लाटल्या. पोळीवरचा माझा हात आता बरा बसलाय.

"काहून गं, डोळे लाल दिसून राहिले? रात्रीची जागली का?" सासूबाईंनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी परत काही विचारलं नाही, संध्याकाळी लेकीला बैल रंगवायला स्वतः घेऊन बसल्या. मला दोन तास मिळाले. या घरात माझ्या लिहिण्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, पण असे तास कुणीतरी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतं.

दिवेलागणीला पूजा झाली. खीरपुरीचं ताट डोक्यावर धरून मी पाटावर बसले, लेक मागे उभी.

"अतीत कोण?" मी विचारलं.

"मी!"

आईने वळून बघायचं नाही, लेकराने मागून ताट घ्यायचं. तिचे हात ताटाला लागले, ओझं हलकं झालं. दरवर्षी करतो तेच. आज मात्र मला ती दुधाच्या हिशोबाची वही आठवली. इथे मी पाठ करून बसते आणि ती घेते, तेही आपण कोण ते सांगून. मी घेतलं तेव्हा ती झोपलेली होती.

तान्हा पोळा, रात्री उशिरा

पाऊस उघडला, देवाची कृपा.

सकाळी नवरा आणि लेक महाल भागात मारबत, म्हणजे इडापीडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, बघायला गेले. काळी मारबत 1881 पासून निघते आणि पिवळी 1885 पासून. नेहरू पुतळ्याच्या चौकात दोघी भेटतात. लेक बाबांच्या खांद्यावर बसून "इडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" ओरडत होती, घरी आली ती घसा बसवून. दारातले मेढे तेवढ्यात सासूबाईंनी नेऊन टाकले.

दुपारी चारला आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळासमोर तान्हा पोळा भरला. चाळीसेक पोरं, कुणी शिवाजी, कुणी शेतकरी, एक तीन वर्षांची डॉक्टरीण. लेकीचा बैल जुना, माझ्या नवऱ्याच्या लहानपणचा. निळी शिंगं तिने रंगवलेली, बेगड सासूबाईंनी चिकटवलेली. पुढचं डावं चाक सैल आहे. दोरी ओढली की बैल एका बाजूला मान टाकल्यासारखा डुलतो. दोरा गुंडाळून चाक घट्ट करून देते म्हटलं तर तिने हात धरला. "नको. तो तसाच चालतो."

बक्षीस दुसऱ्याच बैलाला मिळालं. तोरण तुटलं आणि पोरं बोजारा मागायला सुटली. मी चार पावलं मागे. सातव्या की आठव्या दारी, मुठीत नाणी घट्ट धरून, ती वाकली आणि बैलाच्या कानात काहीतरी बोलली. मी मागेच होते, मला ऐकू आलं.

ते वाक्य माझ्या नवव्या जोडपानावर बसत होतं. जोडाक्षर एकही नाही. आठवडाभर मी त्याच ओळीवर अडले होते.

रात्री दिवा मालवायच्या आधी मी तिला विचारलं. बैलाला तू जे म्हणालीस ते मी ऐकलं, मला ते पुस्तकात घ्यावंसं वाटतं, घेऊ का? तुझं नाव कुठे येणार नाही. ती बराच वेळ पांघरुणाच्या दोऱ्याशी खेळत होती.

"चाकाचं घे," ती म्हणाली. "सैल आहे ते. ते सगळ्यांना दिसतं."

"आणि कानातलं?"

"ते नको. ते बैलाला सांगितलं."

बरं, म्हटलं. दिवा मालवला. थोड्या वेळाने अंधारात तिने मला बाजूच्या काकूंनी बोजारा म्हणून फक्त एक रुपया कसा दिला त्याची लांबलचक तक्रार सांगितली, आणि सांगता सांगताच झोपली.

आता साडेअकरा. आठवं जोडपान झालं:

बैल छोटा. चाकं चार.
एक चाक सैल.
बैल डुलत डुलत चालला.

नवव्या जोडपानावर मुलगी वाकून बैलाच्या कानाशी काहीतरी बोलते आहे, एवढंच चित्र. शब्द नाहीत. चित्रकाराला तसा निरोप पाठवला. त्याचा लगेच फोन आला, ती काय बोलते ते मला तरी सांगा, म्हणजे चेहरा काढता येईल. मी त्याला तिचा चेहरा कसा होता ते सांगितलं.