अबोला

बांद्यापर्यंत मी ठणठणीत होते. नव्या बुटांचं सगळ्यांना कौतुक सांगत चालले होते.

सावंतवाडी ते जुनं गोवं, साधारण 70 किलोमीटर. 30 नोव्हेंबरला पहाटे निघायचं आणि 3 डिसेंबरच्या फेस्ताला सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, पायाशी पोचायचं, हे माझ्या कॅथलिक सासरी दरवर्षीचं. मी नगरची, मिशनच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये वाढलेली. आमच्याकडे संत नाहीत, मेणबत्त्या नाहीत, रोजरीची जपमाळ नाही. देव आणि मी, मध्ये कुणी नाही. शब्बाथशाळेत बाई बोट रोखून विचारायच्या, "प्रभूशी तुझं वैयक्तिक नातं आहे का?" आम्ही एका सुरात, "हो बाई."

आई गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, त्या नात्यात अबोला होता. प्रार्थना बंद नव्हती. जेवणाआधी, झोपण्याआधी पाठ असलेलं सगळं म्हणत होते. पण अबोला धरलेली बाईसुद्धा स्वयंपाक करतेच की. नणंदेनं, ताईंनी, विचारलं, "येतेस गो?" घरात बसून आणखी गप्प राहण्यापेक्षा चालत गप्प राहू, म्हणून निघाले.

पत्रादेवी मागे पडली आणि दुसऱ्या दिवशी रोजरीनं माझा जीव नकोसा केला. पुढे एक काका स्कूटरवर स्पीकर लावून, मागे आम्ही. पाच रहस्यं, पन्नास 'नमान मरिये', की पुन्हा पहिल्यापासून. स्पीकर मधूनच किंचाळायचा. देव बहिरा आहे का, असं ताईंना विचारावंसं वाटलं, विचारलं नाही. ताई डोळे अर्धे मिटून, चपला हातात घेऊन चालत होत्या. त्यांचाही राग आला.

धारगळच्या पुढे महामार्ग रुंद केलाय, झाडं गेली. दुपारी दीडचं ऊन. डाव्या टाचेचा फोड फुटला, मोजा चिकटला. मी मोरीच्या कठड्यावर बसले आणि सगळ्यांना पुढे जा म्हटलं. ताई थांबायला तयार होत्या. "जा ना!" मी खेकसलेच.

रस्त्यापलीकडे कौलारू घर होतं, अंगणात पांढरा खुरीस, म्हणजे क्रूस. तिथून एक म्हातारी आली, माझा हात धरून मला पडवीत नेऊन बसवलं. घमेल्यात कोमट पाणी, त्यात मूठभर मीठ. मी नको नको म्हणतेय तोवर माझा पाय तिच्या मांडीवर. आम्हा शब्बाथशाळेवाल्यांना अशा वेळी पेत्र आठवतोच, येशू पाय धुवायला आला तेव्हा म्हणालेला: तू माझे पाय धुणार नाहीस. आठवला, आणि चीडच आली. प्रत्येक गोष्टीचा धडा कशाला करायचा? म्हातारीच्या डोक्यात पेत्रबित्र काही नव्हतं. नवे बूट घालून कोण चालतं, म्हणून ती मला कोंकणीत झापत होती. आईही असंच झापायची, पाय चोळता चोळता.

ती पेज आणायला आत गेली आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "तेव्हा कुठे होतास तू? तिच्या शेवटच्या आठ दिवसांत कुठे होतास?"

दाविदानंही विचारलंय हे, तेराव्या स्तोत्रात, किती काळ मला विसरणार म्हणून. ते मी बक्षिसासाठी पाठ केलेलं. इथे साधी नगरी मराठी होती, नाक गळत होतं.

म्हातारी दारात उभी. "कोणाकडेन उलयता गो, बाय?"

"देवाकडे."

तिनं ताटली पुढे सरकवली. पेज, कडेला मिस्कूट, कैरीचं लोणचं. "उलय, उलय. पूण आदीं पेज जेव."

जेवले. दोनदा वाढून घेतली. निघताना काय द्यावं कळेना. ती म्हणाली, "देव बरें करूं," आणि कोंबड्या हाकलायला गेली. नाव विचारायचं राहिलं.

कोलवाळच्या पुलाशी ताईंना गाठलं. तिथून पुढे ताईंच्या चपला घालून, बूट गळ्यात. म्हापसा, पर्वरी, मांडवीचा पूल, रायबंदर. रोजरीचा एक फायदा तेवढ्यात कळला. पन्नास नमानांच्या आवाजात आपलं भांडण कुणाला ऐकू जात नाही. दिवसभर भांडले. त्याच्याकडून उत्तर काही आलं नाही. स्पीकर तसाच किंचाळत होता.

जुन्या गोव्यात ही गर्दी. बॉं जेझू चर्चमध्ये सायबाची चांदीची पेटी उंचावर, खालून मान वाकडी करून बघायची. 1552 साली गेलेल्या माणसाच्या देहापुढे रांग लावणं मला अजून पटत नाही. रांगेत मात्र तीन तास उभी राहिले.

बाहेर नवसाचे मेणाचे हातपाय विकायला होते. ताईंनी एक पाय उचलून दाखवला, "हा घेऊया तुझा?" दोन दिवसांत पहिल्यांदा आम्ही दोघी हसलो. मी साधी मेणबत्ती घेतली, आयुष्यातली पहिली. वाऱ्यात तीनदा विझली, चौथ्यांदा ताईंनी पदराचा आडोसा धरला. आईनं पाहिलं असतं तर म्हणाली असती, हे काय गं थेर?

"तिला सांगू नकोस," मी त्याला म्हटलं.