सीटीतल्या पोकळीचा अर्थ

आज छातीचा एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसांचा बारीक तपशील दाखवणारा सीटी स्कॅन, झाला. मला जीपीए आहे, बारीक रक्तवाहिन्यांना सूज आणणारा ऑटोइम्यून आजार. पूर्वी त्याला वेगेनर्स म्हणत. खोकला हटत नव्हता, जिना चढताना धाप लागत होती आणि परवा थुंकीत रक्ताची रेघ दिसली. साध्या एक्स-रेत विशेष काही नव्हतं. डॉक्टर तरी थांबले नाहीत, हे फार बरं झालं.

सीटीत उजव्या फुप्फुसात गाठी दिसल्या, एकीत पोकळी. आपल्याकडे पोकळी म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी आधी टीबी येतो, आणि ते रास्तच आहे. टीबी आणि जीपीए चित्रात सारखे दिसू शकतात. त्यात मी रिटुक्सिमॅब या औषधावर, म्हणजे प्रतिकारशक्ती दबलेली. बुरशीचा संसर्गही असू शकतो. जीपीए उसळला असेल तर स्टेरॉइड वाढवायचं, संसर्ग असेल तर तेच अंगावर येईल. म्हणून आधी थुंकीची टीबीसाठी तपासणी, रक्तात एएनसीए (या आजारात बहुधा सापडणाऱ्या अँटिबॉडी), हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम कळायला) आणि लघवी. लघवी कशाला, असं आईनं विचारलं. हा आजार मूत्रपिंडांवरही जातो, आणि तिथे बहुधा काहीच दुखत नाही.

माझ्यासारख्यांनो, जुन्या सीटीच्या सीडी जपून ठेवा. गाठ नवी की जुनी, हे त्यावरूनच कळतं. आणि खोकल्यातून रक्त येऊन दम लागला, तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच कॅज्युअल्टीत जा.

गुरुवारी ब्रॉन्कोस्कोपी आहे, म्हणजे दुर्बिणीची नळी घालून श्वासनलिका आतून पाहणार. भीती वाटतेय.