नान्नजच्या वाटेवरचा सिकाडा

जूनचा पहिला आठवडा. वळवाचे दोन सपकारे येऊन गेलेले, तरी सोलापूरचं ऊन ते ऊनच. बार्शी रस्त्याने नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे निघालो होतो. १९७९ साली जाहीर झालेल्या या माळावर आता माळढोकापेक्षा काळवीटच दिसायची खात्री जास्त. पण अभयारण्याच्या अलीकडेच गाडी थांबवली, कारण रस्त्याकडेचा कडुलिंब करवत चालल्यासारखा कर्कश वाजत होता.

"मामा, काय ओरडतंय हे?" शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारलं.

"रातकिडं म्हनायचं. पर दिवसाबी वरडतंय बगा."

जवळ गेलो की आवाज बंद. झाडाशी उभं राहून वाट पाहिल्यावर छातीच्या उंचीवर तो दिसला. अंगठ्याच्या पेराएवढा, आडवा रुंद, पुढच्या पंखांवर सालीसारखीच करडी-तपकिरी नक्षी. मिशा केसासारख्या आखूड, म्हणजे रातकिडा नव्हेच. त्याच्या मिशा लांबलचक असतात. दोन मोठ्या डोळ्यांच्या मधे तीन बारीक टिपके, तेही डोळेच. हा सिकाडा, आणि या ठेवणीवरून प्लॅटिप्लुरा वंशातला.

अलगद चिमटीत धरला तसा किंचाळला आणि बोटांत थरथर शिरली. रातकिडा पंखावर पंख घासतो. हा गातो पोटाने. पोटाच्या छातीकडच्या टोकाला दोन्ही बाजूंना कडक शिरांचा एकेक पडदा असतो, या वंशात तो झाकणाखाली लपलेला. आतला स्नायू ओढला की शिरा एकामागून एक आत दबतात, टक्-टक् होतं. सोडला की पडदा बाहेर उसळतो. हे सेकंदाला शेकडो वेळा. वर नराचं पोट बहुतांशी पोकळ, हवेने भरलेलं, त्यामुळे आवाज घुमून मोठा होतो. कानही पोटाशीच! गाताना नर कानाचे पडदे सैल सोडतो, नाहीतर स्वतःच्याच आवाजाने बधिर व्हायचा. मादीला हे वाजणारे पडदे नसतात. सगळा आटापिटा तिला बोलावण्यासाठी. मला तर हे वाद्य म्हणजे माळावरचं सर्वांत मोठं नवल वाटतं.

सोडला तर तळहातावर पाण्याची पिचकारी मारून गेला. झाडाचा पातळ रस पिणाऱ्याला एवढं पाणी टाकावंच लागतं. खोडाच्या बुंध्याशी पाठीवर उकललेल्या, मातीने माखलेल्या कातीही सापडल्या. मुळांचा रस पीत जमिनीत वाढलेली पिल्लं तिथेच कात टाकून वर चढली होती.

तुम्हाला असा दिसला तर फोटोबरोबर आवाजही रेकॉर्ड करा. एकसारखे दिसणारे सिकाडे गाण्यावरून वेगळे काढता येतात.